एका नागमोडी रेषेचे रसग्रहण

एक आलेख आहे. आडव्या अक्षावर पंचांगातली वर्षे, उभ्या अक्षावर कार्बन-१४ने सांगितलेली वर्षे. दोन्ही हिशेब तंतोतंत जुळले असते तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी सरळ तिरकी रेषा उमटली असती. प्रत्यक्षात उमटते ती थरथरत, अडखळत, मध्येच आडवी पसरत आणि मध्येच एकदम कोसळत जाणारी नागमोडी रेषा. तिचे नाव इंटकॅल-२०. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पॉला रायमर आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ती प्रसिद्ध केली. आजपासून मागे पंचावन्न हजार वर्षांपर्यंत ती जाते. उत्तर गोलार्धात कुठेही जमिनीतून कोळसा, हाड किंवा करपलेला धान्याचा दाणा निघाला आणि त्याचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढले, की मिळालेला आकडा या रेषेपुढे ठेवावा लागतो. त्याशिवाय तो आकडा तारीख होत नाही.

मोजणाऱ्या प्रत्येक साधनाला कधी ना कधी साक्षीदारापुढे उभे राहावे लागते. तराजूला प्रमाणित वजन लागते, तापमापीला वितळणारे बर्फ आणि उकळते पाणी. हवामानाचा अंदाज सांगणाराही यातून सुटत नाही. पावसाची शक्यता तीस टक्के असे त्याने ज्या ज्या दिवशी सांगितले, त्यांपैकी साधारण तीस टक्के दिवशी खरोखर पाऊस पडला का, हे मागे वळून पाहावे लागते. शक्यतेच्या भाषेतल्या अंदाजांची अशी पडताळणी कशी करावी, यावर ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली लिहिलेला लेख आजही वापरात आहे. या सगळ्याला कॅलिब्रेशन म्हणतात. पण वजने, बर्फ, पाऊस हे साक्षीदार हाताशी असतात. सात हजार वर्षांपूर्वीच्या हवेला साक्षीदार कुठून आणायचा? तो शोधण्यात सत्तर वर्षे गेली आणि ती सगळी खटपट या एका रेषेत साठली आहे. ती तक्त्यासारखी वापरून बाजूला ठेवू नये, कवितेसारखी ओळीओळीने वाचावी, इतकी ती समृद्ध आहे.

वाचण्यापूर्वी तिच्यामागचे गणित थोडक्यात. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्यातून सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूंवर आपटले की कार्बन-१४ तयार होतो. तो ऑक्सिजनशी जुळून हवेत मिसळतो, हवेतून झाडात जातो, झाडातून जनावरात आणि माणसात. जीव आहे तोवर ही आवक चालू राहते, जीव गेला की थांबते. मग आतला साठा ठरावीक वेगाने घटत जातो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. किती उरला ते मोजले की किती काळ गेला ते कळते. युक्तिवाद देखणा आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीत आहे: हवेतले कार्बन-१४चे प्रमाण पूर्वीही आजच्याइतकेच होते.

शिकागो विद्यापीठातल्या विलर्ड लिबी यांनी हे गृहीत धरले आणि ते तपासायलाही घेतले. जेम्स अर्नोल्ड यांच्यासह त्यांनी डिसेंबर १९४९मध्ये ‘सायन्स’मध्ये जो आलेख छापला, तो या रचनेचा पहिला खर्डा म्हणता येईल. वय आधीच माहीत असलेल्या मोजक्या वस्तू त्यांनी निवडल्या. झोसर आणि स्नेफेरू या इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतले लाकूड, तायिनातच्या राजवाड्यातले लाकूड, टॉलेमी घराण्याच्या काळातली शवपेटी, अमेरिकेतल्या रेडवूडच्या खोडाचा आतला भाग. या आलेखात रेषा आधी आली आहे आणि ठिपके मागून. ऱ्हासाच्या नियमावरून काढलेली एक गुळगुळीत उतरती वक्ररेषा, आणि तिच्या आजूबाजूला हे मोजके ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन्ही बाजूंनी चुकीच्या शक्यतेच्या लांबच लांब मिशा. ठिपके रेषेच्या जवळ पडले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. १९६० साली लिबी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते योग्यच होते. तरीही आज तो आलेख पाहताना जाणवते की त्या मिशा इतक्या लांब आहेत की रेषेचे खरे वळण त्यांच्या आड सहज लपून राहावे.

तसेच घडले होते. इजिप्तच्या जुन्या वस्तूंच्या तारखा राजवंशांच्या यादीपेक्षा शेकड्यांनी वर्षे तरुण येत आहेत, ही कुरबूर पुढच्या दहा वर्षांत वाढत गेली. १९५८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे हेसल डी व्रीस यांनी गेल्या काही शतकांतल्या झाडांची वलये मोजून दाखवून दिले की हवेतले कार्बन-१४ स्थिर राहिलेले नाही, ते शतकाशतकाला वरखाली होते. आलेखातली पहिली थरथर ती हीच. लिबींच्या गृहीताला तडा गेला, पण त्यांची पद्धत मोडली नाही. उलट ती आता प्रौढ झाली, कारण काय तपासायचे ते कळले. हवेचा इतिहास हवा होता, वर्षावर्षाचा, हजारो वर्षांचा.

तो झाडांनी लिहून ठेवला होता. समशीतोष्ण प्रदेशातले झाड दर वर्षी एक वलय वाढवते आणि त्या वलयाचे लाकूड त्या वर्षीच्या हवेतूनच बनते. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांवर तीच वर्षे आलेली असल्यामुळे त्यांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुळतो. आज उभ्या असलेल्या झाडाची आतली वलये शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायची, त्या तुळईची आतली वलये आणखी जुन्या लाकडाशी, आणि असे मागे जात राहायचे. ही विद्या उभी केली ॲरिझोनातल्या अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. त्याला सूर्यावरच्या डागांच्या चक्राचा माग झाडांत काढायचा होता. तो शोध त्याला हवा तसा लागला नाही, पण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्युब्लो वस्त्यांच्या बांधकामांची वर्षे मात्र त्याने १९२९ साली नेमकी ठरवून दिली.

या कथेतले सर्वांत विलक्षण पात्र म्हणजे कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधली ब्रिसलकोन पाइन. तीन हजार मीटरहून अधिक उंची, चुनखडीची नापीक जमीन, थंडी, कोरडेपणा. अशा जागी हे झाड अतिशय सावकाश वाढते. एकेक वलय इतके बारीक की भिंगाशिवाय दिसू नये, आणि फार वाईट वर्षी वलय उमटतही नाही. डग्लस यांचे शिष्य एडमंड शुलमन यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले की यांतली काही झाडे चार हजार वर्षांहून जुनी आणि अजून जिवंत आहेत. माझे मन मात्र जिवंत झाडांपेक्षा त्या उतारांवर पडलेल्या मेलेल्या ओंडक्यांकडे जास्त ओढ घेते. तिथली हवा इतकी कोरडी की राळेने भरलेले ते लाकूड हजारो वर्षे कुजत नाही. चार्ल्स वेस्ली फर्ग्युसन यांनी ते ओंडके गोळा केले, त्यांची वलये जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवली, न उमटलेली वलये दुसऱ्या झाडांवरून शोधून काढली, आणि १९६९ साली ७१०४ वर्षांची सलग मालिका प्रसिद्ध केली. सात हजार वर्षे, एकही वर्ष न गाळता. माणसाने ठेवलेल्या कोणत्याही राजवंशाच्या यादीला हे जमलेले नाही.

फर्ग्युसन यांनी वर्ष ठरवून दिलेल्या लाकडाचे तुकडे कॅलिफोर्नियातल्याच ला होयाला, हान्स स्यूस यांच्या प्रयोगशाळेत पोहोचत होते. स्यूस हे व्हिएन्नाच्या भूवैज्ञानिकांच्या घराण्यातले. त्यांनी शेकडो तुकडे मोजले आणि १९६९ साली उप्सालाच्या नोबेल परिसंवादात सात हजार वर्षांहून लांब अशी रेषा मांडली. ती रेषा त्यांनी ठिपक्यांमधून हाताने काढली होती. ही बारीक वळणे कोणत्या सूत्राने काढली असे विचारल्यावर ‘कॉस्मिक श्वुंग’ने, म्हणजे विश्वाच्या झोकात हात सोडून, असे त्यांनी उत्तर दिल्याची आठवण या क्षेत्रात अजून सांगतात. संख्याशास्त्रज्ञांना ते रुचले नाही. ठिपक्यांच्या चुकांची मर्यादा पाहता ही वळणे खरी कशावरून? ती मोजणीतली डगमग असेल, सरळ करून टाका, असे म्हणणारे बरेच होते, आणि त्यांचे म्हणणे गैरवाजवी नव्हते. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच बोलावे, ही विज्ञानाची शिस्त त्यांच्या बाजूने होती. स्यूस यांच्या बाजूने होती ती नजर.

या वादाचा निकाल १९८६ साली लागला. बेलफास्टमध्ये माइक बेली, जॉन पिल्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयर्लंडच्या दलदलींतून निघालेल्या ओकच्या खोडांची मालिका बांधली होती, जर्मनीत बर्न्ड बेकर यांनी नद्यांच्या गाळात पुरलेल्या ओकची. १९८४ साली या कामातून ७२७२ वर्षांची युरोपीय मालिका तयार झाली. बेलफास्टच्या गॉर्डन पिअर्सन यांनी आयरिश ओक मोजला. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या मिंझे स्टुइव्हर यांनी जर्मन ओक आणि अमेरिकी झाडे मोजली. झाडे वेगळी, खंड वेगळे, उपकरणांची तत्त्वेही वेगळी. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या तर वळणावर वळण बसले. स्यूस यांच्या हाताने पकडलेली थरथर खरी होती. मला या रेषेच्या इतिहासातला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो. एकाने पाहिलेले दुसऱ्याने, त्याच्यावर विसंबून न राहता, पुन्हा पाहिले. पिअर्सन आणि स्टुइव्हर यांच्या त्या जुळलेल्या रेषा म्हणजे साक्ष आणि उलटतपासणी यांचा नमुना आहे.

आता रेषा प्रत्यक्ष वाचू.

तिची पहिली लय दीर्घ आहे. आजपासून मागे जाऊ लागलो की सुरुवातीची अडीच-तीन हजार वर्षे ती आदर्श तिरक्या रेषेच्या आसपास राहते, मग हळूहळू तिच्यापासून सुटत जाते. कार्बन-१४ने सहा हजार वर्षे सांगितली तर खरे वय आठशे-साडेआठशे वर्षांनी जास्त निघते. चाळीस हजार वर्षांच्या पल्ल्यात ही तफावत चार-पाच हजार वर्षांवर जाते. कारण पृथ्वीच्या पोटात आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अवकाशी किरणांना अडवते. ते दुबळे असेल तर किरण जास्त येतात, कार्बन-१४ जास्त बनतो, आणि त्या काळातली वस्तू तिच्या खऱ्या वयापेक्षा तरुण भासते. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी हे क्षेत्र जवळजवळ कोलमडले होते, आणि ती घटनाही या रेषेच्या मागच्या टोकाला नोंदली गेली आहे.

ही दीर्घ लय पुरातत्त्वात उतरली तेव्हा मोठी उलथापालथ झाली. युरोपातल्या प्रचंड शिळास्मारकांची कल्पना पूर्वेकडून, इजिप्त आणि एजियन समुद्राच्या किनाऱ्यांकडून पसरत गेली, असे तोवर मानत. कॅलिब्रेशन केल्यावर फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या शिळाथडग्यांचे वय इ.स.पू. ४०००च्याही मागे गेले आणि माल्टाची मंदिरे पिरॅमिडांपेक्षा जुनी ठरली. इजिप्तच्या तारखा राजवंशांच्या नोंदींवर आधारलेल्या असल्यामुळे जागच्या हलल्या नाहीत. मूळ आणि शाखा यांचे नातेच त्यामुळे उलटले. कॉलिन रेन्फ्र्यू यांनी १९७३ साली ‘बिफोर सिव्हिलायझेशन’ या पुस्तकात ही सगळी मांडणी केली. कॅलिफोर्नियातल्या एका चिवट पाइनने युरोपच्या प्रागितिहासाचा एक मोठा सिद्धांत मोडून काढला.

दुसरी लय या रेषेच्या आडव्या पडण्यात आहे. इ.स.पू. ८००च्या आसपास रेषा आधी वेगाने कोसळते आणि मग इ.स.पू. ४००पर्यंत जवळजवळ आडवी पसरते. युरोपातल्या लोहयुगीन संस्कृतीवरून तिला हॉलस्टॅट पठार म्हणतात. कारण सूर्य आहे. त्या सुमारास सूर्य बराच काळ शांत होता. सूर्याचे चुंबकीय कवच दुबळे झाले की किरणांची आवक वाढते. हवेत कार्बन-१४ भराभर वाढला म्हणून रेषा कोसळली. पुढे सूर्य पुन्हा जागा झाला आणि हवेतले प्रमाण उतरू लागले. ते जवळपास ऱ्हासाच्याच वेगाने उतरले, त्यामुळे चार शतकांतल्या वस्तूंमध्ये आज जवळजवळ सारखाच कार्बन-१४ उरलेला सापडतो. प्रयोगशाळेने २४५० वर्षे, मागेपुढे ४०, असा स्वच्छ आकडा दिला तरी रेषेतून तो इ.स.पू. ७५० ते ४१० असा पसरून बाहेर येतो. मोजणी कितीही बारीक करा, पठार हटत नाही.

महाराष्ट्राचा इतिहास या पठाराच्या कडेला येऊन थांबतो, म्हणून ते मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हवे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८पासून डेक्कन कॉलेजने तिथे अनेक हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे त्या कामाशी कायमची जोडलेली आहेत. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन आद्य शेतकऱ्यांचे इतके तपशीलवार चित्र दुसऱ्या कोणत्या गावाने दिलेले नाही. वस्तीचा शेवटचा कालखंड, म्हणजे जोर्वे संस्कृतीचा उत्तरकाळ, इ.स.पू. १००० ते ७०० असा सांगतात. चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, आणि मग गाव ओस पडले. पाऊस कमी झाल्याने हे घडले असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. यातला ७०० हा आकडा पठारावर पडतो. म्हणजे गाव कधी ओसरू लागले हे कार्बन-१४ बरे सांगू शकतो, पण अखेरचा माणूस कधी गेला ते त्याच्या एकट्याच्या साक्षीवरून नेमके कळणार नाही. विदर्भातल्या शिळावर्तुळांचेही तसेच. माहुरझरी, आणि लोखंड गाळण्याची भट्टी जिथे सापडली ते नायकुंड, या ठिकाणांचा काळ बराचसा याच पठाराच्या आत येतो. आपल्याकडचे लोहयुग आणि त्याच्या आधीचे ताम्रपाषाणयुग यांच्यामध्ये खरोखर रिकामी जागा होती की ती या रेषेच्या सपाटीमुळे तशी भासते, हा प्रश्न प्रत्येक तारखेबरोबर विचारावा लागतो.

तिसरी लय अगदी अलीकडे सापडली, आणि ती एका वर्षाची आहे. पूर्वी दहा-दहा, वीस-वीस वलयांचे लाकूड एकत्र करून मोजत. एखाद्या वर्षी काही घडले असले तरी ते सरासरीत बुडून जायचे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या फुसा मियाके यांनी याकुशिमा बेटावरच्या जपानी सीडारची वलये एकेक वर्षाची वेगळी काढून मोजली. २०१२ साली त्यांनी दाखवून दिले की इ.स. ७७४ आणि ७७५ यांच्या दरम्यान हवेतला कार्बन-१४ एकदम १.२ टक्क्यांनी उसळला. सूर्याच्या नेहमीच्या चढउतारांपेक्षा ही उसळी कितीतरी मोठी आहे. सूर्यावरच्या प्रचंड वादळाचा तो ठसा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढच्याच वर्षी त्यांना इ.स. ९९३–९९४ची दुसरी उसळी सापडली. जगभरच्या झाडांत ती त्याच वलयात आहे.

या उसळीचा उपयोग ग्रोनिंगेनच्या अभ्यासकांनी केला, तो या साऱ्या रचनेतला मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे व्हायकिंगांची वस्ती होती, हे १९६०च्या दशकापासून ठाऊक होते. कधी होती, ते मात्र दहावे-अकरावे शतक एवढेच. तिथे लाकडाचे तीन तुकडे होते, तीन वेगवेगळ्या झाडांचे. तिन्ही लोखंडी हत्याराने तोडलेले, आणि तिथले स्थानिक लोक त्या काळी अशी हत्यारे वापरत नव्हते. अभ्यासकांनी प्रत्येक तुकड्यात ९९३ची उसळी शोधली आणि तिथून सालीपर्यंतची वलये मोजली. तिन्ही तुकड्यांत अठ्ठावीस भरली. झाडे तोडली ते वर्ष १०२१. हा निष्कर्ष २०२१ साली, बरोबर हजार वर्षांनी, छापून आला. जी उसळी पूर्वी सरासरीत बुडून जात होती, तिनेच युरोपीय माणसाच्या अमेरिकेतल्या वास्तव्याला नेमके वर्ष दिले.

झाडांची सलग मालिका सुमारे चौदा हजार वर्षांपर्यंत पुरते. त्यामागे रेषेचा हात दुसरे साक्षीदार धरतात, आणि त्यांत जपानच्या फुकुई प्रांतातला सुइगेत्सु तलाव अग्रभागी आहे. मोठी नदी थेट त्याच्यात येत नाही, चहूकडे डोंगर असल्याने लाटा उठत नाहीत, तळाशी प्राणवायू नसल्याने गाळ उकरणारे किडे नाहीत. त्यामुळे दर वर्षीचा एक पातळ थर, फिका आणि गडद, जसाच्या तसा राहतो, आणि त्यात त्या वर्षी पडलेली पानेही. १९९३ साली तिथे पहिल्यांदा गाळाचे खोल नमुने काढले, पण एका नमुन्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये काही थर निसटले आणि मोजणी घसरली. २००६ साली ताकेशी नाकागावा यांनी शेजारी शेजारी चार विवरे पाडली. एकातली फट दुसऱ्यातून भरून निघाली. आठशेहून अधिक पानांच्या आणि काटक्यांच्या मोजण्या त्यातून मिळाल्या. फुकुईतल्या संग्रहालयात आज सत्तर हजार वर्षांचे ते थर ४५ मीटर लांब भिंतीवर मांडलेले आहेत. चीनमधल्या हुलू गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांचीही साक्ष आहे. तिचे वर्ष युरेनियम आणि थोरियम यांवरून ठरते.

इतके साक्षीदार, आणि प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा. त्यांतून एक रेषा कशी निघते हे पाहताना मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. शेकडो पोथ्या जुळवून संपादकांनी संहिता सिद्ध केली, आणि जिथे पाठाची खात्री नव्हती तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. इंटकॅलच्या संपादकांनीही तेच केले आहे. त्यांची रेषा खरे तर एक पट्टा आहे. पुरावा भरपूर तिथे तो केसाएवढा बारीक होतो, पुरावा विरळ तिथे रुंदावतो. खात्री किती आहे हे रेषा आपल्या जाडीतूनच सांगते. २०२०च्या आवृत्तीची संख्याशास्त्रीय बांधणी नवी आहे, आणि झाडांच्या वर्षावर्षाच्या मोजण्या सामावून घेण्याइतकी ती लवचीक आहे. १९६९ साली स्यूस हाताने जे करत होते त्याला आता नियम मिळाला आहे.

या साऱ्यात एक संकेत असा आहे की त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लिबींनी वापरलेला अर्धायुष्याचा आकडा ५५६८ वर्षे होता. पुढे अधिक अचूक आकडा ५७३० ठरला, म्हणजे जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक. तरीही १९६२ साली केंब्रिजच्या परिषदेत ठरले की प्रयोगशाळांनी जुनाच आकडा वापरत राहावे. तोवर हजारो निकाल त्या आकड्याने छापले गेले होते, आणि दोन मापे एकत्र फिरू लागली असती तर गोंधळ माजला असता. कॅलिब्रेशन केले की ही चूक आपोआप धुऊन निघते, कारण झाडांची वलयेही त्याच आकड्याने मोजलेली असतात. ‘आजपूर्वी’ म्हणताना ‘आज’ म्हणजे १९५० हेही तेव्हाच रुळले. मोजलेला आकडा वेगळा ठेवायचा आणि त्याचा अर्थ वेगळा ठेवायचा, म्हणजे उद्या चांगली रेषा आली तर जुना आकडा पुन्हा वाचता येईल, हे यातले शहाणपण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, डी. पी. अग्रवाल यांनी १९६०च्या दशकात मोजलेल्या तारखा ‘टीएफ’ क्रमांकाने छापल्या गेल्या, पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत मोजलेल्या ‘पीआरएल’ क्रमांकाने. साठ वर्षांपूर्वीचा तो कच्चा आकडा आज इंटकॅल-२०पुढे ठेवता येतो, तो या संकेतामुळेच.

रेषेचे अलीकडचे टोक आपण स्वतः लिहिले आहे. कोळसा आणि तेल यांत कार्बन-१४ उरलेला नसतो. तो धूर हवेत मिसळला की हवा ‘म्हातारी’ होते, हे स्यूस यांनीच १९५५ साली दाखवून दिले होते. मग अणुचाचण्या आल्या आणि १९६३च्या सुमारास उत्तर गोलार्धात कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. चाचणीबंदी करारानंतर तो ओसरत गेला. २०१५ साली हेदर ग्रेवन यांनी हिशेब मांडला की इंधन असेच जळत राहिले तर २०५०च्या सुमारास नवा कापूस हजार वर्षे जुन्या कापसाइतकाच म्हातारा दिसेल.

या रेषेत एक उणीवही आहे, आणि ती आपल्याला जवळची आहे. आयर्लंड, जर्मनी, कॅलिफोर्निया, जपान अशा प्रदेशांच्या झाडांनी ती लिहिली आहे. दक्षिण गोलार्धाची हवा थोडी वेगळी असते, तिथल्या तारखा काही दशकांनी जुन्या भासतात, म्हणून तिथे वेगळी रेषा आहे. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडूनच येतो, आणि आपली खरिपाची पिके नेमकी त्याच महिन्यांत वाढतात. इनामगावच्या खरिपाच्या दाण्याने कोणती हवा घेतली होती? उत्तरेची रेषा लावावी की दोन्हींची मिश्र? फरक काही दशकांचाच आहे, पण ज्या शतकांत आपल्याला दशके हवी आहेत तिथे तो मोठा आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडे स्पष्ट वार्षिक वलये देत नाहीत. साग देतो, आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून पावसाचा अभ्यास झालेला आहे. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या सागवानी तुळया आज जीर्णोद्धारात निघतात आणि वखारीत विकल्या जातात. त्यांचा एकेक आडवा काप राखून ठेवला, कोणत्या इमारतीचा ते त्यावर लिहून ठेवले, तर उद्याच्या अभ्यासकाला या प्रदेशाची हवा वाचता येईल.

आणि स्थानिक इतिहास, ग्रामचरित्रे, संग्रहालयांच्या पाट्या लिहिणाऱ्यांना एक विनंती. कार्बन-१४वरून काढलेली तारीख छापताना नुसते ‘इ.स.पू. ७००’ असे छापू नका. प्रयोगशाळेचा क्रमांक, कच्चे वय, मागेपुढेची चूक आणि कोणत्या रेषेने वाचले तिचे नाव, या चारही गोष्टी सोबत द्या. त्यांना जेमतेम एक ओळ लागते.